एल्डन प्रूइटचे चार चकत्यांचे ब्रेक

ज्या माणसानं एकतीस वर्षं शाळेच्या बसगाड्यांचे ब्रेक सांभाळले, त्याचीच गाडी भर मिरवणुकीत थांबेना, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. लिंबाच्या सरबताचा पेला हातात होता, तो कधी पालथा झाला आणि बूट कधी भिजले, काही कळलं नाही.

एल्डन प्रूइट माझा शेजारी. अंगानं उंच, मानेत वाकलेला, बोलण्यात एकदम कंजूष. आमच्या हार्लन्स फोर्क गावातल्या निम्म्या पोरांचे आईबाप त्यानं दुरुस्त केलेल्या बसमधून शाळेत गेलेले. त्याचा एकच नेम होता आणि तो त्याच्या घरच्या गॅरेजच्या दारावर रंगानं लिहिलेला होता: ब्रेक बिघडला तर गाडी पळायला नको, जागेवर बसायला पाहिजे. बसचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. हवा कमी झाली की ड्रायव्हरच्या कानाशी घंटा कोकलते, आणि पारच संपली तर स्प्रिंग चाकं आवळून धरते. आमच्या ओहायोच्या ह्या डोंगरकपारीत एल्डनची एक बस कधी घसरली नाही.

घरची गाडी मात्र वेगळी. एकोणसत्तर सालची शेव्हेल, दोन दारांची, हिरवी, पुढं पिंपाएवढं इंजिन. चौऱ्याहत्तर साली त्यानं त्या इंजिनात मोठा कॅम घातला. कॅम म्हणजे झडपांची उघडझाप करणारा दांडा. त्यानं गाडीला जोर आला आणि उभ्या गाडीचं इंजिन लंगडायला लागलं, धबक... धब-धबक... धबक. हा आवाज ह्या लोकांना चर्चच्या गाण्यापेक्षा गोड. एल्डन चौकात उभा राहिला की बँकेच्या खिडकीच्या काचा थरथरायच्या, आणि आतली बाई मान वर न करता म्हणायची, "आला एल्डन."

आवाज होता, पण ब्रेक जुनेच. चारी चाकांना ड्रम, म्हणजे आतनं पट्ट्या घासून थांबणारी लोखंडी भांडी. चौऱ्याऐंशी साली पावसातनं चर्चहून येताना कटलरच्या उताराला ड्रममध्ये पाणी गेलं आणि गाडी ‘थांबा’ लिहिलेली पाटी ओलांडून मक्याच्या ट्रकपुढनं सुटली. हातभराचं अंतर राहिलं. शेजारी बायको होती, व्हर्ना. तशी दहा वर्षं ती त्या सीटवर उजव्या पायानं नसलेला ब्रेक दाबत आली होती. तिच्या टाचेनं तिथली चटई फाटली होती. त्या दिवशी तिनं गाडी कडेला उभी करायला लावली. खाली उतरली आणि चर्चचे उंच टाचेचे बूट घालून चार मैल चालत घरी गेली. त्यानंतर सव्वीस वर्षं ती त्या गाडीत बसली नाही. रविवारी पुढं एल्डन शेव्हेलमध्ये, मागं व्हर्ना तिच्या छोट्या गाडीत. चर्च एक, बाक एक, गाड्या दोन. गाव हसायचं. एल्डन हसायचा नाही.

तो निवृत्त झाला त्याच्या पुढच्या वर्षी जत्रेच्या कमिटीनं नवराबायकोला मिरवणुकीत मानाची जागा दिली. व्हर्नानं त्याला माझ्यासमोरच सुनावलं, "घोडागाडीत बसंन. ट्रॅक्टरवर बसंन. तुझ्या त्या डबड्यात न्हाई."

"चारी चाकांना डिस्क घालतो," एल्डन म्हणाला. "मग?"

"घाल की. मग बघू."

म्हातारा उन्हाळाभर गाडीखाली होता. गंजलेले बोल्ट तापवून सोडवले, ड्रम उतरवले, चारी चाकांना डिस्कच्या चकत्या आणि त्यांना चिमटीत धरणारे कॅलिपर चढवले. जुनी चाकं कॅलिपरवरनं बसेनात, मग एक इंच मोठी आणली. नव्या सामानात पेडलामागं बसवायचा परातीएवढा एक गोल डबा होता, बूस्टर. इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर तो पायाचा जोर वाढवतो. सामानाबरोबर कागदही आला होता. एल्डननं तो वाचला नाही. "मला ब्रेक शिकवतोय व्हय," म्हणाला आणि त्यावर कॉफीचा मग ठेवला. हँडब्रेकच्या तारा तेवढ्या राहिल्या. त्या जत्रेनंतर जोडू म्हणाला.

ब्रेकच्या तेलाच्या नळ्यांत अडकलेली हवा काढायला दोन माणसं लागतात. व्हर्ना पेडलावर बसली, कारण इंजिन बंद होतं आणि गाडी लाकडी ठोकळ्यांवर होती. मी बाटली धरून चाकापाशी.

"दाब," एल्डन खालनं ओरडायचा.

"दाबलं."

"धर."

"धरलंय रं. आटप, माझा केक करपतोय तिकडं."

"सोडू नगंस!"

"इतक्या वर्षांत तुला सोडलं न्हाई, आता पेडल काय सोडतीया."

पुढच्या आठवड्यात तो कटलरच्या उतारावरनं तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा पाटीपाशी असा थांबला की गाडीचं नाक जमिनीला टेकावं. व्हर्ना कोपऱ्यावर हाताची घडी घालून उभी होती. तिसऱ्या खेपेला म्हणाली, "शनिवारी बसते."

शनिवारी ती बसली. निळा झगा, मांडीवर पर्स, दोन्ही पाय जुळवून. एल्डनचं तोंड नव्या नवऱ्यासारखं झालं होतं. पुढं शाळेचा बँड, त्याच्या शेवटच्या रांगेत गळ्यात अजगरागत पितळी वाद्य गुंडाळलेली पोरगी, तिच्यामागं शेव्हेल, आणि आमचा मुख्य रस्ता नदीकडं उतरता. गाडी माणसाच्या चालीनं. जरा दाब, जरा सोड. परत दाब, परत सोड. लोक टाळ्या पिटत होते आणि इंजिन धबक-धबक लंगडत होतं.

औषधाच्या दुकानासमोर बँड थांबला. गाडी थांबली नाही.

मी पाच पावलांवर होतो. एल्डनचं तोंड आधी कोरं झालं, मग पांढरं. तो सीटवरनं उठला आणि दोन्ही पायांनी पेडलावर उभा राहिला. गाडी पुढंच.

"एल्डन, थांबव."

"थांबवतुय."

"मग थांबंना का ती?"

"दगड झालंय! पेडल दगड झालंय, व्हर्ना!"

बंपर त्या पोरीच्या पोटरीला लागला. पोरगी वाद्यासकट उडी मारून बाजूला झाली. तेवढ्यात व्हर्नानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि उजवीकडं ओढलं. शेव्हेल फुटपाथवर चढली, चर्चच्या बायकांचं ब्लॅकबेरी भरून भाजलेल्या पाईंचं टेबल घेऊन गेली आणि बसायला मांडलेल्या गवताच्या गाठींत शिरली.

सगळा रस्ता मुका झाला. बँडवाल्यांची वाद्यं तोंडाशी, पण फुंकर कुणाची निघेना. आणि त्या शांततेत ती गाडी तशीच उभी, बॉनेटवर ब्लॅकबेरी आणि गवत, नि पोटातनं धबक... धब-धबक... धबक. जो आवाज ऐकायला लोक चौकात थांबायचे, तो त्या वेळी कुणाला ऐकवेना. व्हर्नानं हात लांब करून किल्ली फिरवली. मग ती उतरली, आधी पोरीची पोटरी बघितली, खरचटलंय फक्त याची खात्री केली, आणि चालत घरी गेली. एल्डनकडं वळूनही बघितलं नाही.

गाडी ओढायला बस गॅरेजचा ट्रक आला. चालवणारी रेनी ट्रॉक्सेल, एल्डनच्या जागेवर आलेली, त्यानंच शिकवलेली. तिनं एल्डनच्या गॅरेजात इंजिनाच्या नळीला हवेची ओढ मोजायचा मीटर लावला. काटा सहावर डगमगत होता.

"किती पाहिजे?" मी विचारलं.

"सोळा तरी." रेनीनं फळीवरचा कॉफीचा मग उचलला आणि खालचा कागद एल्डनपुढं धरला. कॉफीच्या मगाचं गोल कडं बरोबर बूस्टरला किती ओढ लागते त्या ओळीभोवती उमटलं होतं. "तुझा कॅम हवा ओढतच न्हाई, एल्डन. रस्त्याला पळताना ओढतोय, म्हणून उतारावर थांबलास. मिरवणुकीत रांगताना बूस्टर उपाशी. चार वेळा दाबलंस, संपलं. आणि बूस्टर न्हाई तर ह्या चकत्यांना तुझ्यासारखे तीन उभे राहिले तरी कमीच."

एल्डननं मीटरच्या काचेवर बोटानं टिचकी मारून बघितली. "जुन्या ड्रमनं थांबली असती," म्हणाला.

"त्या चालीला? आरामात."

"बसमधी घंटा वाजती."

"बसमधी वाजती. हितं न्हाई." रेनीनं जरा नमतं घेतलं. "विजेवरचा छोटा पंप मिळतो. तो बसवू. कॅम राहील, आवाज राहील, ब्रेकबी लागतील."

"आणि पंप बंद पडला तर?"

रेनीनं कागदाची घडी घातली. दारावरचा नेम तिच्या पाठीमागंच होता. एल्डननं तो वाचला, आपलंच अक्षर असून पहिल्यांदा बघतोय असा. मग भिंतीवरनं पाना उतरवला आणि कॅम काढायला बसला. मला वाटलं, मी चुकीचं बघतोय. छत्तीस वर्षांचा आवाज होता तो. गावानं त्याला तोंडापेक्षा त्या आवाजावरनंच ओळखलेलं. त्याच्या जागी कारखान्याचा साधा कॅम बसला, हँडब्रेकच्या तारा जोडल्या गेल्या, मीटरचा काटा अठरावर जाऊन निश्चल उभा राहिला, आणि शेव्हेल शिलाई मशिनीसारखी कुरकुरायला लागली.

बँकेतल्या बाईनं तो गेलेला ओळखलाच नाही. "एल्डन आजारी हाय का?" तिनं मला विचारलं.

पुढच्या रविवारी त्यानं गाडी स्वैपाकघराच्या दारात आणली आणि आयुष्यात पहिल्यांदा हॉर्न वाजवला, कारण आत व्हर्नाला कळलंच नव्हतं तो आलाय. ती चर्चचे बूट घालून बाहेर आली. गाडीभोवती एक फेरी मारली. इंजिन चालू आहे का, म्हणून बॉनेटवर हात ठेवून बघितलं.

"तो दांडा कुठाय?"

"भंगारात टाकला."

व्हर्नानं पर्स बगलेत मारली. मी माझ्या पायरीवरनं बघत होतो. मग तिनं त्याच्या बाजूचं दार उघडलं.

"सरक तिकडं."

"तू चालवणार?"

"सरक म्हणतीया."

एल्डन सरकला. व्हर्ना बसली, पेडलावर पाय ठेवला आणि मोठ्यानं मोजत वीस वेळा दाबलं. विसाव्यालाही पेडल पहिल्यासारखंच मऊ गेलं. गाडी हलली. मागं मी माझ्या गाडीनं निघालो. कटलरच्या उताराला त्यांच्या मागच्या काचेतनं मला दिसलं, पाटी अजून शंभर पावलांवर होती आणि एल्डनचा खांदा ताठ होऊन मागं रेटला होता. पाय त्या चटईच्या भोकात खच्चून रुतवल्याशिवाय माणूस असा बसत नाही. खिडक्या उघड्या होत्या आणि ती गाडी आता आवाजच करत नव्हती, म्हणून व्हर्नाचं बोलणं मला मागं स्वच्छ ऐकू आलं.

"पाय उचल, एल्डन. तिथं पेडल न्हाई."