आत्याआजीच्या रक्तातला आकडा

आत्याआजी म्हणजे माझ्या बाबांची आत्या. वय ब्याण्णव. शिंप्याच्या दुकानात बसून तिनं साठ वर्षं कोटांची काजं हातानं केली. अजूनही सुईत दोरा स्वतःच ओवायची, दोन जिने चढून गच्चीवर कपडे वाळत घालायची आणि रोज सकाळी लोण्यात परतलेलं अंडं खायची.

मग बाबांनी तिचं रक्त तपासून आणलं. कोलेस्टेरॉलच्या आकड्यापुढे लाल खूण होती. झालं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून बलक बंद, लोणी बंद, रोज एक गोळी सुरू. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

"आत्या, तुझ्या भल्यासाठीच आहे," बाबा म्हणाले.

"भलं माझं, मग ठरवणारे तुम्ही कोण?"

चार महिन्यांत तिच्या मांड्या ठणकायला लागल्या. अंड्याचं नुसतं पांढरं ती ताटातच टाकायची. जिना सुटला. एकदा तिनं आईला माझ्या नावानं हाक मारली, तर घरात लगेच निकाल लागला, "वय झालं आता." माझं डोकंच फिरलं. पण त्या गोळ्या रोज तिच्या हातावर मीच ठेवत होते.

शेवटी मी हट्टानं तिला दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाबा नवा रिपोर्ट घेऊन आले होते. "बघा, आकडा किती छान खाली आला!"

"मीही आलेय की खाली," आत्याआजी म्हणाली. "माझ्याकडे बघतंय का कुणी?"

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला. हात न टेकता तिला खुर्चीतून उठायला लावलं, जमलं नाही. वजन सहा किलोंनी घटलं होतं. आधी कधी हृदयाचा त्रास, झटका? काहीच नाही.

"आजी, गोळी थांबवून बघू," त्या म्हणाल्या. "पाय दुखायचं दुसरं कारण आहे का, तेही तपासते. आणि पोटभर जेवा. या वयात नुसता आकडा बघून चालत नाही."

"पण तो पुन्हा वाढला तर?" बाबांनी विचारलं.

"वाढू दे," आत्याआजी म्हणाली. "तुझा आकडा काय कपडे वाळत घालतो?"

दोन महिन्यांत ठणका गेला. ती पुन्हा ओट्याशी उभी राहून अंडं परतायला लागली. एक जिना चढते. दुसरा नाही जमत. बाबा अजून म्हणतात, "मी डॉक्टरांनी सांगितलं तेच केलं."

"खरंय," ती मान न वळवता म्हणते. "मला सोडून सगळ्यांना विचारलंस."