सुलभाचा घसा आणि माझी ठळक अक्षरं

माझ्या पत्नीच्या घशाला काहीही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं. तेव्हा लंडनमधल्या (कॅनडातल्या, विलायतेतल्या लंडनचा ह्यात काही दोष नाही) तमाम मराठी मंडळींनी आमच्याकडे ज्येष्ठमध आणून देणं कृपया थांबवावं. दोष माझा आणि माझ्या टाइपफेसचा आहे.

मी आयुष्यभर पूल बांधले. निवृत्त झाल्यावर बेसमेंटमध्ये बसून देवनागरी अक्षरं बांधायला घेतली. हत्यारं दोनच, पट्टी आणि कंपास. आकार तीन : वर्तुळ, चौकोन, त्रिकोण. शिरोरेषा म्हणजे बीम, काना म्हणजे कॉलम. अक्षरांच्या पोटातली पोकळी मला अशक्तपणाची वाटे, म्हणून बहुतेक ठिकाणी ती भरून टाकली. त्यांच्यावरून ट्रक गेला असता तरी ती वाकली नसती!

"भक्कम आहे," सुलभा कागद उलटसुलट करत म्हणाली. "काय लिहिलंय?"

"तुझं नाव."

"अगंबाई!"

तेव्हाच तिची पहिली जाहीर मैफल ठरली होती. नोकरी आणि संसार सांभाळून ती वर्षानुवर्षं लाँड्री रूममध्ये रियाज करत आली, ड्रायरच्या घरघरीत सूर धरून. आता एकदा तरी चारचौघांत बसून गायचं, एवढीच तिची इच्छा होती. हॉल घेतला, बटाटेवडे सांगितले, तबल्याला वसईचे अँथनीभाऊ ठरले. राहिली दारावरची पाटी.

"अहो, अमेयला सांगा ना. तो कॉम्प्युटरवर पटकन करेल."

"ते कोणीही करतं," मी म्हणालो. असल्या ठळक अक्षरांचा उपयोगच पाट्यांसाठी असतो. शब्द मोजके आणि दिसायचे लांबून. लांबून सगळ्यात चांगलं दिसतं पिवळ्यावर काळं, म्हणून पाटी पिवळी केली. कडेला जागा उरली, तिथे काळे तिरपे पट्टे ओढले.

आमचे चिरंजीव अमेय पाटीकडे बघून म्हणाले, "बाबा, धिस लुक्स लाइक अ रोड क्लोजर."

"तुला मराठी वाचता येत नाही, म्हणून तसं वाटतं," मी म्हणालो.

पाटी दारावर लावली. हॉलचा केअरटेकर भला माणूस. पाटी बघून त्याने मदत म्हणून दोन्ही बाजूंना रस्ता अडवायचा एकेक नारिंगी कोन आणून ठेवला. मी त्याचे आभार मानले!

मैफलीची वेळ झाली. हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्या, सुलभा, मी आणि बटाटेवडे. वेळ टळली तरी तेवढेच. तबलजीसुद्धा नाहीत! मी अँथनीभाऊंना शोधायला बाहेर पडलो. समोरच्या कॉफीच्या दुकानात डोकावलो, तर अख्खा श्रोतृवर्ग तिथे डोनट खात बसलेला. मधोमध तबल्याची जोडी.

"या, या!" पाटणकर ओरडले. "तुम्हालाही परत पाठवलं का? काय झालंय आत? गॅस लीक?"

"पाटी नाही का वाचलीत?"

"वाचायची काय त्यात? काळीपिवळी पाटी, बाजूला कोन! आम्ही काय काल आलोय ह्या देशात?"

खरं होतं. इथे येऊन आपली माणसं पाटी वाचत नाहीत, पाळतात.

"पण काम एकदम पक्कं हां," अँथनीभाऊ म्हणाले. "बघितल्याबरोबर मी गाडी रिव्हर्स घेतली. सरकारी माणसानेच केली असणार!"

'मी केली,' एवढंच म्हणायचं होतं. सगळे डोनट टाकून उठले असते. पण पूल पडल्यावर इंजिनियर जसा नदीला दोष देतो, तसं माझ्या तोंडून निघून गेलं, "सुलभाचा घसा बसलाय. कार्यक्रम रद्द."

हॉलमध्ये परतलो. सुलभा तानपुरा लावून बसली होती.

"कोणी नाही ना?"

"हॉकीची मॅच आहे," मी म्हणालो. (दुसरा दोष दुसऱ्या नदीला.)

तिने एक भजन रिकाम्या खुर्च्यांना म्हणून दाखवलं आणि तानपुऱ्यावर गवसणी चढवली. दुसऱ्या दिवसापासून लाँड्री रूममध्ये ड्रायर एकटाच गात होता. मी पाटी गॅरेजमध्ये उलटी करून ठेवली. लोक ज्येष्ठमध आणून देत राहिले. "सर्दीचे दिवस आहेत," असं सुलभाला सांगून मी तो दारातच ताब्यात घेत राहिलो.

परवा मी ग्रोसरीला गेलेलो असताना पाटणकरवहिनी थेट स्वयंपाकघरात पोचल्या. "सुलभा, घसा कसा आहे गं? त्या दिवशी आम्ही सगळे समोरच बसलो होतो, आणि तुझा ऐनवेळी आवाजच गेला!"

मी परत आलो तेव्हा टेबलावर ज्येष्ठमध होता आणि मागे सुलभा. मी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे लोक आले होते?"

"हो."

"ऐकायला?"

"तबल्यासकट."

आता भांडं अंगावर येणार, म्हणून मी मान खाली घातली. तिने डोळे पुसले, खाली गेली, आणि थोड्या वेळाने ड्रायरच्या आवाजावर 'सा' लागलेला ऐकू आला.

पुढच्या महिन्यात मैफल आहे. ही हकीकत मंडळाच्या अंकात माझ्या नावाने छापून येणं, ही तिची अट. पाटी ती स्वतः हाताने लिहिणार आहे. मला दारात उभं राहून 'या, बसा' म्हणण्याचं काम दिलं आहे, तेही स्वेटर घालून. साइटवरचं चमकणारं जॅकेट घालून मी दारात उभा राहिलो, तर लोक पुन्हा गाड्या रिव्हर्स घेतील म्हणे.