देवघरातलं डिझेल

लग्न होऊन सेनगावजवळच्या या गावात आले, तेव्हा संध्याकाळी मला सगळं अर्धवट झोपेत असल्यासारखं दिसायचं. अंगणात निळसर अंधार, दूर शेळ्यांच्या गळ्यातल्या घंट्या आणि घरभर डिझेलचा वास. हळूहळू तो मला सासरचाच वास वाटायला लागला.

सासऱ्यांनी डिझेलचे ड्रम चक्क देवघरात ठेवले होते. एका वर्षी ऐन सोयाबीन काढणीत डिझेल मिळालं नाही, पीक भिजलं, तेव्हापासून त्यांनी धसकाच घेतला होता. "देवाच्या खोलीत चोर येत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. चोर आला नाही खरा, पण दिवा बाहेर गेला. ठिणगी नको म्हणून बल्बही काढलेला. सासूबाई तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावायच्या आणि तिथूनच आतल्या अंधाराला हात जोडायच्या. देव अंधारात बसलेत, हे त्यांना फार लागायचं. तरी नवऱ्यापुढं चकार शब्द काढत नाहीत, म्हणून मला त्यांचा राग यायचा. मी तरी कुठं काढत होते म्हणा!

यंदा कनेरगाव नाक्यावरच्या पंपावर सासऱ्यांना कुणीतरी सांगितलं, की ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साठा असेल तर सरकारला कळवून परवाना घ्यावा लागतो.

"माझं घर, माझं डिझेल. सरकारला काहून सांगू?" घरी येऊन ते कडाडले. मनातून मात्र टरकले होते. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून हिंगोलीला चौकशीला गेले.

तिन्हीसांजेला परतले ते अंगणातच बसले. सासूबाईंनी पाणी दिलं. "काय म्हणले सायब?"

"सगळं बराबर समजून सांगितलं." ते तुळशीजवळच्या दिव्याकडे बघत राहिले. "मंग इचारलं, साठा कुठं ठेवता. माझ्या तोंडून देवघर निघंनाच."

त्या आठवड्यात जास्तीचं डिझेल शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यांना देऊन टाकलं, नियमात बसेल तेवढं शेतातल्या शेडमध्ये गेलं. देवघराची फरशी सासऱ्यांनी स्वतः घासली. रोज वाकून हुंगायचे आणि बायकोला विचारायचे, "वास येऊन राहिला का गं अजून?"

शेवटी एकदाचा वास गेला. त्या तिन्हीसांजेला सासूबाई दिवा घेऊन निघाल्या, त्या सवयीनं तुळशीकडंच. सासऱ्यांनी त्यांच्या हातातून दिवा घेतला. "आत चल," म्हणाले आणि पुढं झाले.

लग्नाच्या दिवशी मी ज्यांना अंधारातच नमस्कार केला होता, ते या घरचे देव मला पहिल्यांदा दिसले. धुळकट, तेलकट झालेले. सासूबाई पदरानं एकेक देव पुसत होत्या आणि रडत होत्या. सासरे दिवा धरून उभेच.

"मामा, ठेवा की खाली," मी म्हटलं. त्यांनी ठेवला नाही.