शिवांजलीची गूळतुला

शिवांजली माझी भाची. तिच्याबद्दल लिहायचं तर आधी माझा गुन्हा कबूल करायला हवा. मी कृष्णात, सांगलीच्या मार्केट यार्डात तेवीस वर्षं तोलाईदार. हळदीची पोती, गुळाच्या ढेपा तोलायच्या आणि आकडा असा ओरडायचा की शेवटच्या दुकानात ऐकू जावा. हळू सांगितलेल्या वजनावर आमच्याकडं कुणी विश्वास ठेवत नाही. मी घरात पाणी मागितलं तरी शेजारचं कुत्रं उठून बसतं, असं बायको म्हणते.

शिवांजली सहा वर्षांची असताना तापानं पार खंगली. दाजी, म्हणजे तिचे वडील लालासाहेब, तेव्हा फौजेत लांब होते. माझी बहीण माया पलूसजवळच्या त्यांच्या गावी पोरीला घेऊन एकटी. ती भैरोबाला नवस बोलली, पोर जगली तर गुळानं तिची तुला करीन. पोर जगली, आणि मग तिला भरवायची आमच्यात चढाओढच लागली. मी रुमालात गुळाचा खडा बांधून न्यायचो आणि ती दारातच हात पुढं करायची. ती अंगानं भरत गेली तसं आम्हाला बरंच वाटत होतं.

नवस मात्र लांबत गेला. दाजींना सुट्टी मिळेना, मग पूर आला, मग कोरोना. ते निवृत्त होऊन आले तेव्हा शिवांजली एकोणीस वर्षांची होती, सांगलीत कॉलेजला. वक्तृत्व स्पर्धेत पोरगी अशी बोलायची की परीक्षक लिहायचं विसरत. फळीवर कपांची रांग होती. पण फोटोत ती कायम मागच्या रांगेत, आणि ऐन उन्हाळ्यात ओढणी अंगभर. आम्ही हे बघत होतो, पण कधी विचारलं नाही.

तुलेचा दिवस ठरला तशी ती आईच्या मागं लागली, "आई, मला नको बसवू. गूळ असाच वाटूया की."

"देवाचं देणं हाय ते," माया म्हणाली. "देवाला फसवायचं व्हय?"

मग ती माझ्याकडं आली. "मामा, निदान वजन तरी कुणाला कळू देऊ नका."

मी हसलो. "अगं, तराजू माझ्या हातात हाय. तू कशाला भितीस?"

असा शब्द देऊन मी यार्डातला जुना मोठा तराजू घेऊन गेलो. देवळासमोर तो टांगला. शिवांजली पारड्यात मांडी घालून, मान खाली घालून बसली. समोरच्या पारड्यात मी एकेक ढेप ठेवू लागलो. "आणखी आणा, एवढ्यावर काय भागतंय," मागून कुणीतरी म्हणालं आणि बायकासुद्धा हसल्या. मला ते लागायला हवं होतं. पण मी माझ्या कामात रंगलो होतो. पारडी समान झाली, काटा मधोमध आला, आणि तेवीस वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून आकडा गेला. समोर पुजाऱ्याचा माईक चालू होता.

तो आकडा इथं लिहीत नाही. एकदा ओरडलो तेवढं पुरे झालं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवस फिटला म्हणून माया रडली. शिवांजली उतरली, देवाच्या पाया पडली, मग माझ्याही पडली. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सगळ्या गावाच्या मोबाइलवर होता. त्यात चेहरा तिचा होता आणि आवाज माझा.

तो व्हिडिओ कॉलेजातही पोचला. ती बोलायला उभी राहिली की मागच्या बाकावरून कुणीतरी माझ्याच सुरात तो आकडा म्हणायचं. हे मला फार उशिरा कळलं. तिनं स्पर्धेतलं नाव काढून घेतलं. मग उपास सुरू केले. आधी सोमवार, मग गुरुवार, शनिवार, चतुर्थी. घरात सगळे खूश, पोरगी देवाधर्माला लागली म्हणून. दाजी तर चारचौघांत कौतुकानं सांगायचे. मी नेलेला गुळाचा खडा ती मुठीत घ्यायची आणि "खाते नंतर" म्हणायची. एकदा मायानं तिची कॉलेजची बॅग झटकली तर कप्प्यात मुंग्याच मुंग्या. माया मला हसत हसत सांगत होती आणि मीही हसलो.

दिवाळीनंतर ती कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. यार्ड जवळ म्हणून दवाखान्यात पहिला मी पोचलो. नर्सनं तिला वजनकाट्यावर उभं केलं होतं. मी दारातूनच अंदाज केला, सवयच ती. माझा अंदाज चुकत नाही. तुलेला ठेवलेल्या ढेपांतल्या कितीतरी आता उतरवाव्या लागल्या असत्या.

तिनं भिंतीला हात टेकून खाली आकडा बघितला. मग माझ्याकडं बघितलं आणि हसली. तुलेच्या दिवसापासून ती माझ्याकडं बघून पहिल्यांदाच हसत होती.

"मामा," ती म्हणाली, "आता सांगा की. मोठ्यानं सांगा. समद्यांना ऐकू जाऊ दे."

मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. नर्स तिला उतर म्हणत होती. ती उतरली नाही. मी कधी ओरडतो त्याची वाट बघत ती तिथंच उभी राहिली.