टायटलमधली कात्री

सिनेमातली माझी कारकीर्द पावणेदोन मिनिटांची. त्यातही मी दिसते फक्त मनगटापर्यंत, आणि ते मनगट पुरुषी शर्टाच्या बाहीत. तरी घरात लग्नकार्याला चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "तुझ्या पिच्चरचं सांग की गं." मग मी थोडे आढेवेढे घेते, आणि कुणी दुसरा विषय काढायच्या आत सुरू करते.

अप्पांचं शिवणाचं दुकान मैसूरला मार्केटच्या मागच्या गल्लीत होतं. वकिलांचे काळे कोट शिवावेत तर त्यांनीच. मी तेव्हा चित्रकला शिकत होते आणि उरलेल्या वेळात दुकानांच्या पाट्या रंगवत होते. एकदा नंजनगूडचा एक तरुण सफारीचं माप द्यायला आला आणि हात वर केल्या केल्या म्हणाला, मी सिनेमा काढतोय. अप्पांनी टेप न हलवता विचारलं, "मग खिसे जास्त लागतील?"

तो कन्नडात बोलायचा. मी आपली घरच्या भाषेत सांगते. सिनेमा खुनाचा होता. लॉजच्या मालकाला कुणीतरी कात्रीनं मारलंय. लॉजच्या खाली न्हावी, पायरीवर फुलवाला, समोर शिंपी. कात्री तिघांकडेही. "कोणाची, ते शेवटच्या रिळापर्यंत कळता कामा नये," तो म्हणाला. "वडिलांनी एकदाच परवानगी दिली आहे. हा पडला की मी कडकोळच्या कारखान्यात, आयुष्यभर, सकाळच्या पाळीला." एवढं सांगून त्यानं माझी वाळत ठेवलेली पाटी पाहिली आणि विचारलं, "टायटलं करशील का?" त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं होतं. भीतिदायक चित्रांचा माझा आजवरचा अनुभव म्हणजे एका डेंटिस्टची पाटी.

पहिली अडचण लिपीची. कन्नड अक्षरं गोल, गुबगुबीत, तुपात तळून काढल्यासारखी. त्यांनी कुणाला घाबरवायचं कसं? मी रक्ताचे ओघळ काढले. सिनेमा काळा-पांढरा, त्यामुळे पेन गळल्यासारखं दिसलं. कवटी काढली. आईनं मागून येऊन विचारलं, "नारळ कशाला गं?" तीन दिवस मी असे कागद नासवले. चौथ्या दिवशी अप्पा कटिंगच्या टेबलावर काळं अस्तर कापत होते. कात्री सरळ पुढं सरकत होती, कापड निमूट दोन्हीकडं उघडत होतं, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. म्हटलं, हेच. काळ्या अस्तरावर पांढऱ्या रंगात नाव. खालून कात्री येते, नावाचा तुकडा कापून बाजूला सारते, की त्याच्या खाली दुसरं नाव. कागदावर सोपं गेलं असतं, पण कापडाच्या कात्रीला कागद लावणं आम्हा शिंप्यांत पापाच्या जरा खाली येतं.

हिरोनं निरोप पाठवला की आपलं नाव कापलेलं चालणार नाही, अपशकुन होतो. म्हणून कात्री नावाच्या बोटभर खालून न्यायची ठरली. हात अप्पांचा. दिग्दर्शकाला एका दमात जाणारा हात हवा होता, आणि अप्पांना वाटलं, कामाचं कौतुक होतंय. शूटिंगच्या दिवशी त्यांनी नखंसुद्धा कापून घेतली.

आठवड्यानं स्टुडिओतल्या एका लहान खोलीत दिग्दर्शकानं आम्हाला फक्त टायटलं दाखवली. आई आली होती ती नवऱ्याचा हात पडद्यावर बघायला. दिवे गेले, काळं कापड आलं, कात्री आली. पहिलं नाव बाजूला सरायच्या आत आई मोठ्यानं म्हणाली, "अगोबाई, खून शिंप्यानं केलाय होय?"

दिग्दर्शकानं उठून मशीन बंद करायला लावलं. "अम्मा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? खालचं पातं बघा. टेबलावरून हललं का? न्हावी कात्री हवेत चालवतो, फुलवाला नुसती कचकच करतो. पातं टेकवून असं कापणारा शिंपीच, अल्लवा? खरं ना?"

"पण हे इतरांना कुठं कळणार?"

"मैसूरात आमची शिंपी माणसं किती आहेत ठाऊक आहे? पहिल्या खेळाला सगळी येणार. इंटर्व्हलला बाहेर चहा पिताना सगळ्या गावाला सांगणार."

"अय्यो, होय्तु!" तो डोकं धरून खाली बसला. "गेला माझा पिच्चर! सकाळची पाळी!"

आता अप्पांना अर्थ लागला. "म्हणजे खुनी शिंपी? आणि हात माझा?"

"मास्तर, फक्त मनगटापर्यंत..."

"मनगटाच्या मागं मीच आहे की! ज्या हातानं विठोबापुढं टाळ धरतो, तो हात तुम्ही खुन्याला दिलात?"

त्यांची समजूत आईनंच घातली. म्हणाली, "अहो, तो तुमचा हात वाटू नये असंच तर त्यालाही वाटतंय. आता वाईट कापून द्या, म्हणजे कुणी ओळखणार नाही." हे अप्पांना पटलं. वाईट कापणं, त्यात काय?

दुसऱ्या दिवशी दुकानात पुन्हा कॅमेरा लागला. मी दोन दिवसांचं काम एका सकाळीत करून नावं पुन्हा रंगवली होती. अप्पांनी कात्री हवेत धरली, दात-ओठ खाल्ले, आणि कापड सुतात कापलं गेलं. दुसऱ्यांदा डोळे मिटून कापलं. सुतात. डाव्या हातानं कापलं तेव्हा जरा वाकडं गेलं, पण त्या वाकड्यालाही इतका सुरेख घेर आला की गळा म्हणून लावता आला असता. "जमत नाही हो," ते घाम पुसत म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकलं मी.

आईनं माझ्याकडं पाहिलं. "हिला द्या."

अप्पा म्हणाले, "बेडा! माझ्या टेबलावर नको!"

पण दिग्दर्शकानं माझ्या बांगड्या उतरवायला लावल्या, अप्पांच्या खुंटीवरचा शर्ट माझ्या हातावर चढवला आणि कात्री माझ्या हाती दिली. मी अत्यंत मन लावून, शक्य तितकं नीट कापलं. खरंच सांगते, मी वाईट कापायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. कापड उंदरानं कुरतडल्यासारखं झालं. मधेच कात्री अडकली, तिनं कापड चावलं, मी ती उपसून काढली आणि पुन्हा घातली. संगीत दिग्दर्शकाच्या नावाला तळाशी झालर आली.

"परफेक्ट!" दिग्दर्शक ओरडला. "ही कुणाचीच कात्री नाही! बघूनच भीती वाटते!"

अप्पा भिंतीकडं तोंड करून बसले होते. ते म्हणाले, "मलाही."

पहिल्या खेळाला आईचा अंदाज खरा ठरला. आमच्या लोकांनी दोन रांगा भरल्या. टायटलं सुरू झाली तेव्हा त्या दोन रांगांतून दुखऱ्या दाढेवर पाणी लागल्यावर येतो तसा आवाज आला. इंटर्व्हलला चहाच्या टपरीशी मी कान देऊन उभी राहिले. सगळ्यांचं फुलवाल्यावर एकमत होतं. एक-दोघं न्हाव्याच्या बाजूनं होते. शिंप्याचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. दिग्दर्शक खांबाआड उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहून दोन्ही हात जोडले.

शेवटच्या रिळात शिंप्याला बेड्या पडल्या. सगळं थिएटर दचकलं, टाळ्या पडल्या, दिग्दर्शकाचा जीव भांड्यात पडला. आणि आमच्या दोन रांगा उठून उभ्या राहिल्या.

"खोटं! साफ खोटं!" भजनी मंडळातले सर्वांत ज्येष्ठ काका छत्री उगारून म्हणाले. "सुरुवातीला कात्री बघितली ना? शिंपी असा कापतो? हा माणूस निर्दोष आहे!"

बाहेर आल्यावर सगळ्यांनी अप्पांना गाठलं. शूटिंग त्यांच्या दुकानात झालं हे गल्लीभर झालंच होतं. काकांनी छत्रीचं टोक अप्पांच्या छातीशी आणलं. "खरं सांग. कोणाचा हात तो? जातीचं नाव घालवलं त्यानं."

मी आईच्या मागं सरकले. अप्पांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा छत्रीकडं. चाळीस वर्षांची कात्री एका बाजूला, पोटची पोर दुसऱ्या बाजूला.

"बेंगळुरूहून एक मोठा आर्टिस्ट आणला होता त्यांनी," अप्पा अगदी शांतपणे म्हणाले. "तिकडं म्हणे आता असंच कापतात."

बेंगळुरूबद्दल आमचे लोक काहीही खरं मानतात. काकांनी छत्री खाली केली, मान हलवली आणि सगळे घरोघर गेले. सिनेमा चालला, कडकोळच्या कारखान्यात दुसराच कुणी लागला. अप्पांनी मला जन्मात एकदाच आर्टिस्ट म्हटलं. तेही बेंगळुरूचा, आणि पुरुष.