आत्याच्या खोलीचा ट्रस्ट

आमच्या घरात ट्रस्ट हा शब्द मी आणला, ही चूक माझ्या खात्यावर लिहा.

पेडण्यातलं आमचं घर बाबांनी लग्नानंतर बांधलं, डिचोलीच्या खाणीवर ट्रक दुरुस्त करता करता. मागची खोली आत्याची. आत्या म्हणजे बाबांची बहीण. लग्नानंतर वर्षभरातच विधवा होऊन परत आली, ती आमच्यातच राहिली. सगळं सुरळीत होतं. मग एका चतुर्थीला माझा धाकटा भाऊ त्या खोलीत उभा राहून म्हणाला, "हंय एक बाथरूम काढलो तर गोरे रांग लावतीत!" भाऊ हरमलला पर्यटकांना खोल्या देतो. पोटात पाप नाही त्याच्या; गोठा दाखवला तरी त्याला त्यात पलंगच दिसतो. पण आत्या नेवऱ्यांचं, म्हणजे आमच्याकडच्या करंज्यांचं, ताट घेऊन दारातच उभी होती. दुसऱ्या दिवशी तिने कपाटातली लुगडी काढून ट्रंकेत भरली. तिथून पुढे ती रोज ट्रंक उघडून नेसायची आणि परत बंद करायची, पाहुण्यासारखी.

बाबांनी ती ट्रंक पाहिली. मला म्हणाले, "मी गेल्यार तिका कोणी भायर काढता नये. काय ता लिहून ठेव. तू शिकललो मां?"

मी शिकलेलो म्हणजे हायस्कुलात मराठी शिकवणारा. तरी एका सहकाऱ्याकडून ट्रस्टवरची पुस्तिका आणली; खोली आत्याला हयातभर राहायला बांधून द्यायची, असा बेत. त्यात ट्रस्टचे दोन प्रकार होते. एक करणाऱ्याला हवा तेव्हा मोडता येतो. दुसरा एकदा केला की त्यालाही मोडता येत नाही. मी सात पानी मसुदा लिहिला. 'प्रस्तुत न्यासकर्ता सदसद्विवेकबुद्धीने' अशी सुरुवात होती. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "ह्या आत्याच्या खोलीविषयीच आसा मां?"

अडलं ते प्रकारावर. मला मोडता येणारा बरा वाटत होता. माझे सगळेच निर्णय आठवड्याभरात बदलतात, म्हणून असेल. बाबांचं ठरेना. शेवटी म्हणाले, "देवाक विचारया."

आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. आईचं आणि आत्याचं चाळीस वर्षं भांडण. म्हणजे आई बोलायची आणि आत्या ऐकायची. आश्रिताने उलट बोलू नये, हे आत्याने न सांगता पाळलेलं. आईला कळलं तर ती हे होऊ देणार नाही, अशी आम्हा दोघा शूरांची खात्री होती.

देवळात गुरवाने कौल लावायला देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर न मोडणारा, डावी पडली तर मोडणारा. मग गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, तुझ्या ह्या लेकरान बहिणीच्या खोलीचो ट्रस्ट मोडता तसो करूचो की मोडना तसो, ता तू आज सांग रे महाराजा!"

"होय महाराजा!" मी आणि बाबा.

एकही पाकळी हलेना. तासभर थांबलो. गुरव म्हणाला, "कोणाक तरी विचारूचा रवला आसतला." आम्ही लगेच ओळखलं, राखणदार, गावाची सीमा राखणारा देव. सीमेवर त्याला नारळ ठेवला, केळी ठेवली, परत आलो. पाकळ्या तशाच.

दोन दिवसांनी म्हापशाला वकिलांकडे गेलो. वयस्कर गृहस्थ. माझी सात पानं त्यांनी शांतपणे वाचली आणि म्हणाले, "मास्तर, मराठी सोबीत आसा." एवढं कौतुक करून ते बाबांकडे वळले. "बायल खंय?"

"घरा आसा."

"मागीर अर्दें घर घराच उरलें!"

गोव्यात लग्न लागलं की नवरा-बायकोची मालमत्ता अर्धी अर्धी, हे इथे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. ती पोरं शिकवणाऱ्या मास्तरला तेवढं सुचलं नव्हतं. बाबांच्या अर्ध्यातलाही अर्धा मुलांसाठी बांधलेला, तेव्हा आम्हा भावांची संमतीही हवी. "मोडपाचो काय नमोडपाचो, तें मागीर," वकील म्हणाले. "पयलीं तिका विचारात."

बसमध्ये बाबा एवढंच म्हणाले, "राखणदाराक फुकट त्रास दिलो."

आई अंगणात बांगडे कापत होती. मी सगळं सांगितलं, ट्रंकेसकट. आत्या आत होती. आईने विळीवरून हात काढला नाही.

"दोन तऱ्हेचे म्हणजे कसले?"

मी समजावलं, या वेळी पुस्तिकेशिवाय.

"मग मोडना तसोच करा."

बाबा बघतच राहिले. "तूच म्हणतंस?"

"माझी जीभ माका ठावक आसा. खयच्या तरी दिसा रागान म्हणान, चल, हो भायर. मोडूक येता तसो केलास तर मी मोडतलंय आणि मागसून रडतलंय. तेवां ता माझ्या हातात ठेवूच नको." मग माझ्याकडे वळून, "आणि देवाक विचारूक गेलास? मी काय देवळापेक्षा लांब होतंय?"

भाऊ सहीला आला तेव्हा आत्याच्या पाया पडला. "मी गमतीन म्हटललंय गे." कागदावर आईचं नाव पहिलं. माझ्या सात पानांतलं वकिलांनी फक्त खोलीचं माप घेतलं, आणि तेही चुकीचं निघालं.

आत्याने लुगडी लगेच कपाटात ठेवली नाहीत. आठेक दिवसांनी दुपारी जेवताना आई तिला नेहमीसारखी बोलत होती, भात गचका झाला म्हणून. माशांचं हुमण, कोकमाची सोलं घातलेली आमटी, आईच्या हातची होती. आत्याने घास गिळला आणि म्हणाली, "आणि तुझ्या हुमणात सोलां किती, ता बघ आधी. दात आंबले माझे."

आम्ही सगळे ताटात बघू लागलो. आई उठून स्वयंपाकघरात गेली. मी घाबरून मागे गेलो, तर ती पदर तोंडाला लावून हसत होती.

"आयकलंस?" ती म्हणाली. "चाळीस वर्सांनी तोंड उघडल्यान."