पप्पा आता ऐकतात

पप्पांचं ओरडणं थांबलं ते आई गेल्यानंतर.

उरवड्याच्या एका कारखान्यात ते सुपरवायझर आहेत. दिवसभर यंत्रांच्या आवाजात ओरडून बोलावं लागतं, तीच सवय लागली, असं आई मला समजावायची. पण मारुंजीतल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत कुठलं यंत्र होतं? भाजीत मीठ जास्त झालं, दारात चप्पल आडवी राहिली, एवढंही त्यांना पुरायचं. रविवारी मात्र चर्चच्या उपासनेत ते इतक्या मऊ आवाजात प्रार्थना करायचे की मंडळीतल्या बायका आईला म्हणायच्या, "देवाची कृपा आहे हो तुझ्यावर." आई हसायची.

एकदा जेवताना ती म्हणाली, "पोटात सारखं दुखतंय हो."

पप्पांनी ताट सरकवलं. "रोज तुझं काहीतरी दुखतंच! माणसानं दोन घास सुखानं खायचे की नाही?"

त्यानंतर तिनं तो विषय काढलाच नाही. कळलं तेव्हा आजार सगळीकडे पसरला होता. काही आठवड्यांत ती गेली.

तिला माती देऊन आलो, तेव्हा घरमालकीणबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "लई दुखायचं तिला. मला सांगायची. म्या म्हनलं, घरात सांग की. तर म्हनायची, न्हाई, ते चिडत्यात."

पप्पा त्या रात्री जेवले नाहीत.

पुढे एका रविवारी पाळक ऐकण्यावर बोलले. घरातल्या माणसाचं जो ऐकत नाही, तो देवाचं काय ऐकणार, असं त्यांनी विचारलं. पप्पा सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले. त्या दिवसापासून त्यांनी एकदाही आवाज चढवलेला नाही. राग आला की उठून गॅलरीत जातात. तिथं त्यांचे ओठ हलताना दिसतात. मग आत येऊन माझ्यासमोर खुर्ची ओढतात. "बोल बेटा. मी ऐकतोय."

मी त्यांना क्षमा केली आहे. प्रार्थनेत तसं देवाला सांगितलंही आहे. पण त्यांच्यासमोर बसलं की माझी जीभ हलत नाही. इतकी वर्षं गप्प राहायला शिकले, ते आता कसं विसरायचं?

मागच्या आठवड्यात हिंजवडीतली माझी नोकरी गेली. सांगायचं ठरवूनच बसले होते.

"पप्पा, ऑफिसात ना..."

त्यांनी मान पुढे केली. कपाळावरची शीर मला दिसली. वयामुळे दिसत असेल. पण मी नजर फरशीकडे वळवली.

"थांबलीस का?"

"काही नाही. काम वाढलंय जरा."

ते बराच वेळ वाट बघत राहिले. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि वाढलेल्या कामासाठी मला शक्ती मिळावी म्हणून देवाकडे मागणं मागितलं. अगदी मनापासून.

मी "आमेन" म्हणाले.